लगाम नसलेली शर्यत

बारा-सोळा कुत्री एका लांब दोरीला जोडीजोडीने जुंपलेली. मागे बर्फावरून घसरणारी हलकी स्लेज आणि तिच्या पट्ट्यांवर उभा एक माणूस. त्याच्या हातात लगाम नसतो. उजवीकडे वळायचं तर 'जी', डावीकडे तर 'हॉ', असं ओरडायचं. वेग तासाला तीसेक किलोमीटर. म्होरक्या कुत्र्याने ऐकलं नाही, तर पायाखालचा ब्रेक आणि बर्फात रुतवायचा आकडा एवढीच त्याची सत्ता.

अलास्काच्या शर्यती म्हटलं की हजार मैलांची इडिटारॉड आठवते. तिथल्याच अँकरेज शहरातल्या 'फर रॉन्डी' उत्सवातली शर्यत वेगळी, निव्वळ वेगाची. 1946 पासूनची. तीन दिवस, रोज सुमारे 40 किलोमीटर आणि शेवटी तिन्ही दिवसांच्या वेळेची बेरीज. सुरुवात ऐन शहरात, फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर. त्यासाठी रस्त्यावर ट्रकने बर्फ आणून पसरतात.

यात पळणारी कुत्री कॅलेंडरवरच्या निळ्या डोळ्यांच्या, झुपकेदार हस्कीसारखी नसतात. ती असतात अलास्कन हस्की, आणि ही कुठल्या केनेल क्लबने नोंदलेली जात नाही. गावठी कुत्री, सायबेरियन हस्की, पॉइंटर, हाउंड यांचं रक्त मिसळत गेलं आणि चांगलं पळणाऱ्यांचा वंश लोकांनी पुढे वाढवला. वजन वीस-पंचवीस किलो, पाय लांब, अंग सडपातळ. इथे रूप कुणी विचारत नाही.

या शर्यतीतलं सगळ्यात मोठं नाव जॉर्ज अ‍ॅटला. कोयुकुक नदीकाठच्या हुस्लिया गावचा अथाबास्कन जमातीचा माणूस, जन्म 1933 चा. लहानपणी क्षय झाला, कित्येक वर्षं इस्पितळात गेली, एक गुडघा कायमचा ताठ राहिला. तोच पाय घेऊन तो 1958 साली अँकरेजला जिंकला आणि 1982 पर्यंत एकूण दहा वेळा जिंकला. त्याची शिकवण एकच होती. संघ बिघडला तर दोष मागे उभ्या असलेल्या माणसाचा. कुत्रा कुत्र्यासारखाच विचार करणार. त्याला काय उमगलं नाही, हे माणसाने ओळखायचं.

शर्यतीच्या नियमातही जबाबदारी माणसाचीच आहे. वाटेत कुत्रा थकला किंवा लंगडला, तर त्याला तिथे सोडता येत नाही. उचलून स्लेजमध्ये घ्यायचा आणि बाकीच्यांच्या जोरावर शेवटापर्यंत आणायचा. निघताना जेवढी कुत्री होती, तेवढी परत आली पाहिजेत. वेळ गेला तर जाऊ दे.

आता मुंबई-पुण्याकडे बघा. निळ्या डोळ्यांवर भाळून लोक सायबेरियन हस्की फ्लॅटमध्ये आणतात. पिढ्यान्‌पिढ्या बर्फात ओढायला आणि पळायला घडवलेलं हे जनावर एप्रिलच्या दुपारी एसीपुढे पडून राहतं. मग ते सोफा फाडतं, रात्रभर हेल काढून ओरडतं, दार उघडं दिसताच पळतं. मालक म्हणतो, कुत्रं वाईट निघालं. कुणी तर त्याला रस्त्यावर सोडून मोकळं होतं.

कुत्रं वाईट निघालेलं नाही. त्याला इथे आणणारा चुकला. रोज पळवण्याची तयारी आणि त्याला सोसेल अशी हवा, यातलं एक जरी आपल्याकडे नसेल तर हस्की घरी आणू नका. आणला असेल तर पहाटे उठा, ऊन चढायच्या आत त्याला पळवा आणि शेवटपर्यंत सांभाळा.