चिमट्याचं गुपित

अहो, ऐकलंत का? जरा जास्वंदीकडे सरका, हे आत पेपर वाचताहेत, पण कान इकडेच असतात. सात नंबरच्या वहिनी सायकल वारीला निघाल्यात! हो हो, तीच, आषाढीच्या आधीची, नाशिक ते पंढरपूर. नगर, टेंभुर्णी करत तिसऱ्या दिवशी विठोबाच्या दारात.

मला संशय होताच. त्यांच्या दोरीवरचा एक चिमटा रोज पहाटे गायब. म्हटलं कावळा नेतो की काय! मग एकदा दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर काय, वहिनी गेटाबाहेर, डोक्यावर हेल्मेट, आणि तो चिमटा सलवारीच्या पायाशी! चेनमध्ये कापड जायला नको म्हणून. आणि मला, शेजारणीला, एका शब्दाने सांगितलं नाही. असो.

तर काय सांगत होते... हां, भाऊजी. भिशीला सगळ्यांसमोर म्हणाले, "या वयात पडलीस तर गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च मलाच करायला लावशील." आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू. वहिनींचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात सासूबाईंनी पोह्यांची डिश खाली ठेवली. त्या कधी सुनेची बाजू घेतात का? पण म्हणाल्या, "तुझे बाबा जन्मभर सायकलनेच कामावर गेले. तू कॅरिअरवर बसून शाळेत जायचास. तेव्हा कुणाचे गुडघे मोडले रे?" भाऊजी म्हणजे चहात बुडालेलं ग्लुकोजचं बिस्कीट!

आपल्या गावाला हे वेड आहेच म्हणा. महाजन डॉक्टर बंधू २०१५ मध्ये अमेरिकेत ती रेस करून आले, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, ४८०० किलोमीटरच्या आसपास, दोघांनी आलटून पालटून नऊ दिवसांच्या आत. मग २०१७ मध्ये लष्करातले ते गोकुळनाथ, तेही डॉक्टरच, एकट्याने बारा दिवसांच्या आत. तेव्हा कॉलनीत किती जणांनी गिअरच्या सायकली आणल्या, आठवतं ना? चार नंबरवाल्यांची बाल्कनीत आहे. हँडलवर टॉवेल छान वाळतात. वहिनींची मात्र लेकीची कॉलेजातली जुनी लेडीज सायकल, फक्त सीट नवी.

आणि शिकवलं कुणी, तर नऊ नंबरच्या मुलाने. तो बीआरएम करतो ना, म्हणजे लांबची सायकलफेरी, साडेतेरा तासांत २०० किलोमीटर. पहिला नंबर वगैरे काही नसतो म्हणे, वेळेत पोचलं की झालं. आपल्याला बाई तेच बरं! तो म्हणाला, "काकू, पंढरपूरचं नाव नंतर, आधी त्र्यंबकला जाऊन या." तीसेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. गेल्या रविवारी गेल्या, आल्या, आणि घरोघर पेढे दिले. चार नंबरवाल्यांनी पेढा घेतला खरा, पण तोंडात टाकायला वेळ लावला हो!

तेव्हापासून गेटपाशी गर्दी. सोमवारी दोघी होत्या, आज पाच. एकीला तर बॅलन्सही येत नाही, तिला दोघी मागून धरतात, आणि ती ओरडते, "सोडू नका गं!" भाषणं ऐकून कुणी निघत नाही, शेजारीण निघाली की निघतात. पहाटेच जातात, कारण सात वाजल्यानंतर गंगापूर रोडवर बाईमाणसाने सायकल चालवावी, अशी सोय आहे का तुम्हीच सांगा. मागून हॉर्न, पुढे खड्डा.

भाऊजी? काल स्वतः चेनला तेल घालत बसले होते. मी बघितलं तर म्हणाले, "आवाज येत होता." म्हटलं, हो का!

आणि तुम्ही असं काय बघताय? बरं, सांगते, पण यांना कळायला नको. आमची माळ्यावरची काल पंक्चर काढून आणलीय. उद्या पावणेसहा, गेटपाशी. येताना दोन चिमटे आणा, लाकडी. माझे प्लास्टिकचे आहेत, तुटतात.