झालं का?

आमच्या घरात सकाळी सातच्या आत कुणी ‘झालं का?’ म्हटलं, तर ‘काय?’ असं उलट विचारायची पद्धत नाही. प्रश्न अण्णांचा असतो. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली, पण बटवडा वेळेवर व्हायला हवा, हा बाणा अजून गेलेला नाही. नुसतं ‘हो’ त्यांना पुरत नाही. साफ, खडा, चिकट, की रेंगाळत? एवढं सगळं ऐकल्यावर ते पेपर उघडतात.

अशा घरात बावन्न वर्षं काढलेला माणूस पोटाच्या डॉक्टरांसमोर तरी लाजायला नको होता. पण डॉक्टरीणबाई निघाल्या माझ्या पुतणीच्या वयाच्या. ‘शौचाला कसं होतं, काका?’ या प्रश्नाला मी ‘बरं असतं’ म्हणालो, म्हणजे प्रकृती विचारल्यावर म्हणतात तसं. माझ्यासारखे रोज दहा बघत असाव्यात. त्यांनी खणातून चित्रांचा एक तक्ता काढून पुढे ठेवला. ‘यातला कितवा नंबर?’

इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी हा तक्ता वापरून केलेला अभ्यास १९९७ साली छापला. एकूण प्रकार सात. एक नंबर म्हणजे सुटे, टणक खडे आणि सात म्हणजे निव्वळ पाणी. तीन-चारवाल्यांनी देवाचे आभार मानावेत. मोठं आतडं पाणी शोषून घेतं. माल तिथे जितका जास्त रेंगाळेल तितका कोरडा होतो, म्हणून नुसत्या आकारावरून मुक्काम किती पडला याचा अंदाज येतो. घरी येऊन हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, ‘सातच? त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी नसेल.’

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल, हेही बाईंनी सांगितलं होतं. ते मात्र अण्णांच्या पचनी पडलं नाही. ‘आठवड्यातून तीनदा? पोट आहे की आडगावची एसटी?’ चहाच्या बाबतीत मात्र विज्ञान त्यांच्या बाजूने निघालं. जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला हलायची सूचना जाते आणि सकाळी हा निरोप विशेष जोरात पोचतो. ‘चहाशिवाय होत नाही’ हे वाक्य आई चाळीस वर्षं चहाचं निमित्त समजत आली. त्या दिवशी तिने न बोलता अर्धा कप जास्त ओतला.

तर एकदोनदा रक्त दिसलं होतं आणि पन्नाशीही उलटलेली, म्हणून आतून दुर्बीण घालून बघायचं ठरलं. दूरचं बघायच्या यंत्राचं नाव आपण याला दिलं, हे मला पटतं. स्वतःच्या आतड्याइतकं लांब मी कधी गेलो नव्हतो.

आदल्या दिवशी जेवण बंद. शहाळं, लिंबूसरबत, वरणावरचं निवळ पाणी. लाल रंगाचं काही नको, आत रक्त वाटतं. संध्याकाळपासून दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर. ती अंगात शोषली जात नाही. पाणी धरून ठेवते आणि जाताना घरदार झाडून नेते. चव लिंबू पिळलेल्या समुद्राची. अण्णा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. नवव्या वेळेनंतर त्यांनी मोजणं सोडलं. माझ्या दहावीच्या निकालालाही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

आत बसून मी मोबाईलवर बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरची गोष्ट वाचली. जठराची सूज आणि अल्सर एका जिवाणूमुळे होतात, हे कुणी मानेना. म्हणून १९८४ साली त्याने त्या जिवाणूंचा पेलाच पिऊन टाकला, तोही बायकोला न सांगता. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला वास. दुर्बीण घातली तर जठराला सूज. २००५ साली रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं. आमच्या घरात हा प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडकीला आला असता.

तपासणीचं मला काही आठवत नाही. सुई टोचली, बाई काहीतरी म्हणाल्या आणि पुढचं थेट बायकोचा हात आणि पडदा. आतडं ठीक होतं, रक्त मूळव्याधीचं. बाईंनी फोटो दाखवला. ओल्या, गुलाबी भिंती, कुठे कणभर कचरा नाही. दिवाळीलाही आमचं घर इतकं स्वच्छ नसतं.

तेवढ्यात फोन वाजला.

‘काय रे, झालं का?’

‘झालं, अण्णा.’

‘साफ?’

‘आरशासारखं.’

‘हं,’ म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. तपासणीत काय निघालं, हे विचारायला त्यांनी फोन आईकडे दिला.