नळकांड्यांचे ऐश्वर्य
१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाने प्रत्येक वाहनास सायलेन्सर अनिवार्य ठरविला असताही, निष्कासित वायूंचा अवरोध घटून अत्युच्च फेऱ्यांवर चार-दोन अश्वशक्तींची प्राप्ती व्हावी, या उदात्त हेतूने कारखान्याची नळी उपटून लाखांच्या घरातील परदेशी नळकांडी जोडलेली एखादी स्पोर्ट्‌स कार सुटीत मालवणच्या बाजारपेठेत अवतरते, तेव्हा पुढे बांगड्यांची पाटी आणि मागे तारकर्लीची एसटी अशा कोंडीत तिची समग्र अश्वशक्ती पहिल्या गियरातच गुरगुरत राहते. पुण्यात पोलिसांनी असल्या नळ्यांवर रोडरोलर फिरविला. सरकारी खात्यास शोभेल असा तो रसग्रहणाचा प्रकार होता. मालवणच्या भरडावरचा एखादा वृद्ध मात्र, कायद्याचा हवाला न देता, मालकाची सहानुभूतीने विचारपूस करतो : "झिला, सायलेन्सर फुटलो काय रे? वायच फुडे गॅरेज आसा."