मिनिटाचा तास

मे महिन्यात यवतमाळला दुपारी बारानंतर कुणाला कसलीच घाई नसते. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, घरात जाग तेवढी कूलरची. अशा गावात मुंबईचा भाचा झटपट फोटोचा जुना कॅमेरा घेऊन उतरला आणि झटपट फोटोला सावकाश बिघडवत बसला.

या कॅमेऱ्याचा जन्म लहान मुलीच्या प्रश्नातून झाला. १९४३ साली एडविन लँड यांच्या तीन वर्षांच्या लेकीनं विचारलं, काढलेला फोटो लगेच का नाही दिसत? बापानं खपून १९४८ मध्ये पोलरॉइडचा कॅमेरा बाजारात आणला. मिनिटाभरात चित्र हातात! पण काही माणसांना सुख सोसत नाही. त्यांनी 'ट्रान्सफर' नावाच्या खटाटोपानं त्या मिनिटाचा पुन्हा तास केला.

भाच्याच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मचे दोन पदर रसायनाच्या लेपानं चिकटलेले असतात आणि निगेटिव्हमधले रंग हळूहळू पलीकडच्या कागदावर जातात. ट्रान्सफर करणारा मात्र दहा-पंधरा सेकंदांतच, मंगलाष्टकं अर्धी असताना अंतरपाटाशी उभी नवरी दुसऱ्याच मांडवात न्यावी तसे, पदर सोलतो आणि निगेटिव्ह ओलसर कागदावर पालथं घालतो. वरून रूळ फिरवायचा, दोनेक मिनिटं थांबायचं. आधी निघालेले रंग मागेच राहतात, उरलेले नव्या घरी येतात; म्हणून चित्र जरा फिकट, कडांना विरलेलं. पोलरॉइडनं २००८ मध्ये फिल्म थांबवत असल्याचं जाहीर केलं, फुजीनं २०१६ मध्ये. आता बहुतेक मदार मुदत संपलेल्या पाकिटांवर.

कागद भाच्यानं पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणला होता. १९४० पासूनची ही संस्था, कागद सुती चिंध्यांचा. आमच्याच काळ्या मातीतला कापूस कुणाच्या तरी अंगावर झिजून, चिंधी होऊन, कागदाच्या रूपानं परत आमच्या ओट्यावर आला असेल, असं मला उगाच वाटून गेलं. एरवी इथं कापसाचा हिशेब इतका गोड जुळत नाही.

फोटो माझ्या आईचा होता. "काहून रे बापू, चांगला फोटो कायले नासवतं?" तिनं विचारलं. नातवानं कागद तिच्यापुढे धरला. एक खांदा आलाच नव्हता, डोळे पुसट, गालावर उन्हाचा पिवळा डाग. त्याच्या मते चित्र साफ फसलं होतं.

आई बराच वेळ बघत राहिली. "हे तं माही माय हाये," ती म्हणाली.

तिच्या आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. भाचा नव्या पाकिटाकडे वळला, तर आईनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि फ्रेमवाला आजकाल किती घेतो, याची चौकशी सुरू केली.