आईच्या हातचा कॅलिफोर्निया

कॅलिफोर्नियातल्या बदामाला भारताइतकं मोठं परदेशी गिऱ्हाईक दुसरं नाही. तो जहाजाने मुंबईला उतरतो, पुण्याच्या मार्केट यार्डातून कोथरूडच्या एखाद्या स्वयंपाकघरात पोचतो, डिंक-खारकेच्या संगतीने गुळात वळला जातो आणि लाडवाच्या रूपाने सॅन होजेला रवाना होतो. तिथला मुलगा लाडू फोडतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, “ही चव इथे मिळत नाही.” बदामाच्या बागा त्याच्या घरापासून गाडीने दोनेक तासांवर असतात. परदेशी गेलेल्या पुष्कळांना जे जमत नाही, ते या बदामाने करून दाखवलं: तो घरी परतला.

हिंगाची कथाही अशीच. कच्चा माल अफगाणिस्तानातून येतो आणि परदेशी जातो तो ‘आपला हिंग’ म्हणून. मसूर तर बराचसा कॅनडाहून येतो. तो आपण निवडतो, ऊन दाखवतो आणि टोरंटोच्या लेकीसाठी बांधून देतो, कारण तिकडच्या मसुराला म्हणे चव नसते.

तिकडे मिळत नाही म्हणून नेतात, हा भाबडा समज झाला. अमेरिकेत एडिसन गावातल्या ओक ट्री रोडवर पोहे, कोकम, मेतकूट, बाकरवडी सगळं मांडलेलं असतं. शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर 1974 साली निघालेल्या पटेल ब्रदर्सची दुकानं आता अमेरिकाभर आहेत. मुलाने हे फोनवर सांगून पाहिलेलं असतं. “मिळत असेल रे, पण त्याला आपली चव नाही.” या वाक्यापुढे जागतिक व्यापार संघटनेचंही काही चालत नाही.

अमेरिकेला जाताना बऱ्याच विमान कंपन्या 23 किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात. माणसं त्यांतून कपडे नेतात, अशी त्यांची समजूत आहे. मराठी घरात कपडे हा दोन डब्यांमधली फट बुजवण्याचा माल असतो. लोणच्याची बरणी जीन्सच्या पायात, मेतकूट मोज्यात. काट्यावर 23.4 दिसलं की घरात सर्वपक्षीय बैठक बसते. स्वेटर निघतो, पुस्तकं निघतात, पदवीची फाइल हातातल्या बॅगेत जाते. भाजणीचा विषय निघत नाही. बैठकीच्या अध्यक्षा आईच असतात.

जगातल्या सरकारांना मात्र माया कळत नाही. 2022 साली आपल्याच विमान सुरक्षा खात्याने सुक्या खोबऱ्याला चेक-इन बॅगेत बंदी केली. त्यात तेल फार, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पिढ्यान् पिढ्या आपण चिवड्यात ज्वालाग्राही पदार्थ परतत आलो आणि कुणी बोललं नाही! ऑस्ट्रेलियात पेढे-बर्फी दाराशीच काढून घेतात, कारण आपल्याकडच्या गुरांच्या लाळ्या-खुरकताची त्यांना धास्ती. दुबईत खसखस अमली पदार्थांत जमा. तुपात अनारसा हसला की आपल्याकडे सुगरणीचं तोंड पडतं; दुबईच्या विमानतळावर तो खसखशीसकट सापडला तर जावयाचंही पडेल.

अमेरिकेत बॅगांतलं खाणं हुंगून काढायला बीगल जातीची कुत्री आहेत. 1984 साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर त्यांचं पथक सुरू झालं. लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारी कीड कढीपत्त्यावरून येते, म्हणून ताज्या कढीपत्त्याला तिथे मज्जाव. आपल्या वहिनी तो टॉवेलात गुंडाळतात. बीगल टॉवेलाजवळ येऊन शांतपणे खाली बसतो. इतक्या आदराने त्या कढीपत्त्याकडे घरात कुणी पाहिलेलं नसतं. आमटीतून तो सगळे बाजूलाच काढतात.

यावर उपाय एकच, आणि तो बहुतेकांना अपमानास्पद वाटतो: खरं बोलणं. बॅगेत खाण्याचं काही आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं की आपल्या माणसाचं तोंड आपोआप ‘नाही’ म्हणतं, आणि बॅगेतून गोडा मसाला ‘हो’ म्हणत असतो. वास्तविक लाडू, चकल्या, मसाले सांगितले तर बहुधा सोडतात. न सोडण्यासारखं असेल ते कचऱ्यात जातं आणि प्रकरण मिटतं. लपवलेलं सापडलं तर दंड 10,000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

तेव्हा मंडळी, ‘हो’ म्हणा. वाचलेल्या पैशात आईंनाच बिझनेस क्लासने बोलवा. तिथे बहुतेक कंपन्या प्रत्येक बॅगेला 32 किलो देतात.