तात्यांची हरकत

आचरा तिठ्यावर पेपर येतो तेव्हा पैसे चहावाल्याचे असतात आणि वाचन तात्यांचं. मथळे, राशिभविष्य, निधनवार्ता ते भराभर उरकतात. नजर अडते ती 'निधी मंजूर' या दोन शब्दांवर. मग ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि पुढचा अर्धा तास समोरच्याची सुटका नाही.

"निधी! कोणाचो? माझ्या बापाशीचो नाय, तुझ्या बापाशीचो नाय. मगे कोणाचो, ता सांग."

पूल, धक्का, समाजमंदिर, काहीही चालतं. पण तात्या खरे फुलतात ते स्टेडियमवर. याला कारण आहे. नोकरीचा सारा काळ मुंबईत गेला आणि १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवरच्या पहिल्या कसोटीला ते हजर होते. (निदान तसं ते सांगतात. त्या सामन्याला आपण होतो असं सांगणारे मालवण तालुक्यात इतके भेटतात, की वेस्ट इंडिजला क्षेत्ररक्षणाला जागा कुठे उरली हा प्रश्नच आहे.) लॉइडने नाबाद २४२ केल्या, त्याचं अभिनंदन करायला धावलेल्या प्रेक्षकाला पोलिसांनी झोडपलं, मैदानात दंगल झाली. पण तात्यांना त्यातलं आठवतं ते सिमेंट. "ब्रेबॉर्न थंयच होता, चलत धा मिनटां. तरी दुसरा बांधल्यानी! कित्याक? क्लबवाले तिकिटां देयनत म्हणान! पंगतीत पान मिळाला नाय म्हणान कोणी दुसरो मांडव घालता?" शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष होते, स्टेडियम १३ महिन्यांत उभं राहिलं, हे तात्यांना अर्थातच ठाऊक आहे. ते सोयीस्करपणे शेवटी आणि हळू आवाजात येतं.

मग गहुंजे. कर्ज थकलं आणि २०१८ साली बँकांनी पुण्याच्या त्या स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतला, ही बातमी तात्यांनी कापून पाकिटात ठेवली आहे. वीजबिलाची पावती मागितली तरी आधी तीच बाहेर येते.

पण तात्या सगळ्यालाच विरोध करतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. गावपळणीला त्यांचा संपूर्ण पाठिंबा आहे. रामेश्वराचा कौल झाला की गुरंढोरं, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो. तात्यांची वळकटी सगळ्यांच्या आधी तयार. "अख्खो गाव उठता, रवता, परत येता. टेंडर निघाला? ठेकेदार इलो?" कापणी झालेल्या मळ्यात पोरांचा अंडरआर्म क्रिकेटचा डाव रंगतो तेव्हा तात्या मेरेवर बसून वाइड बॉलवर वाद घालतात आणि दर षटकाला सांगतात की याला म्हणतात स्टेडियम.

२०२२ मध्ये सरकारने तालुका क्रीडा संकुलाची अनुदान-मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर नेली आणि वाडीतल्या पोरांना स्वप्नं पडू लागली. एवढं नाही तरी सपाट मैदान, चार दिवे, बसायला पायऱ्या. अर्ज झाला, जागा ठरली, सात-बारा काढला. कोकणातला सात-बारा हे मोठं प्रेमळ कागदपत्र असतं. हयात, दिवंगत आणि डोंबिवलीकर असे सगळे त्यात गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात. संमतीच्या सह्या गोळा करता करता पोरांचं अर्धं वर्ष गेलं. एक सही राहिली. पाऊण गुंठ्याचे हिस्सेदार, तात्या.

तात्यांनी पोरांना ओसरीवर बसवलं, सोलकढी पाजली आणि प्रश्न विचारले. दिव्यांचं बिल कोण भरणार? चतुर्थीनंतर गवत कोण कापणार? उद्घाटनाच्या शाल-श्रीफळाचा खर्च कुठल्या खात्यात? प्रश्न सगळे रास्त होते, हीच पंचाईत. अर्ज करताना ते कुणालाच सुचले नव्हते. उद्घाटनानंतर कुलूप लागलेल्या व्यायामशाळा ज्याने पाहिल्यात, त्याने तात्यांना हसू नये. पोरं मान खाली घालून उठली.

त्यातला एक जरा बेरकी निघाला. पायरी उतरता उतरता स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बरा झाला. चिंदरवाल्यांची सगळी कागदां तयार आसत म्हणतत."

"कोणाची?"

"चिंदरची. मैदान थंय गेला तर आमी थंय जावन खेळू. तुमका पण खुर्ची देतीत ते."

तात्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. आचऱ्याला डावलून, शेजारच्या चिंदरला मैदान? आणि आपण तिथे पाहुणे म्हणून खुर्चीत? "पेन हाड," ते म्हणाले. पाऊण गुंठा सरकारजमा झाला. दिव्यांच्या बिलाचं काय, असं घरातून कुणीतरी विचारलं, तर ओसरीवरून उत्तर गेलं, "सरकार बघतला!"

दोन दिवसांनी चिंदरचा एक पाव्हणा तिठ्यावर चहाला थांबला. मैदानाचा विषय निघाला तेव्हा त्याला काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून तात्या ग्रामपंचायतीत खेपा घालताहेत. मैदानाला त्यांची हरकत नाही म्हणे. त्यांना फक्त आपली सही परत हवी आहे, पोच-पावतीसकट.