सूनबाई मेंबर झाल्या

मिडलँड्स, इंग्लंड
मार्चअखेर

तीर्थरूप आबांस,


आधी आईला सांगा, तिच्या सुनेने धर्म बदललेला नाही. ‘पॅरिश कौन्सिलवर गेली’ एवढंच फोनवर ऐकून आईने देव पाण्यात घातले, असं ताईकडून कळलं. ते कृपा करून बाहेर काढा. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत. पूर्वी गावचा कारभार चर्चच्या सभेत चालायचा. 1894 च्या कायद्याने तो तिथून काढून लोकांनी निवडलेल्या पंचांकडे दिला. त्याच कायद्याने बायकांना, अगदी लग्न झालेल्यांनाही, मेंबर व्हायची मुभा मिळाली. पार्लमेंटच्या मतासाठी त्यांना 1918 पर्यंत थांबावं लागलं, पण गावचं गटार बघायला त्या आधीच लायक ठरल्या.

तुमची उभी हयात ग्रामसेवकीत गेली, म्हणून हा वर्षाचा अहवाल तुमच्या नावाने पाठवतोय. मी मेंबर नाही. मी मागच्या खुर्चीवर बसणारी जनता.

निवड कशी झाली ते ऐका. आमच्या गल्लीतला दिवा बंद होता, म्हणून सूनबाईंनी खरमरीत पत्र लिहिलं. इथली रीत अशी की फार तक्रारी करणाऱ्याला मेंबर करून टाकायचं. एक जागा रिकामीच होती. रिकाम्या जागेची नोटीस लावावी लागते, आणि दहा मतदारांनी मागणी केली तर निवडणूक घ्यावी लागते. नोटिशीकडे कुत्रंही फिरकलं नाही, तेव्हा पंचांनीच मत देऊन हिला घेतलं. भारतीय पासपोर्ट आड आला नाही. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, इथे कायम राहण्याचा परवाना आणि गावात वर्षभर वास्तव्य, एवढं पुरतं. दादाभाई नौरोजी 1892 साली फिन्सबरीतून थेट पार्लमेंटात निवडून गेले, तेव्हा तर या कौन्सिली जन्मालाही आल्या नव्हत्या. आमच्याकडे ना पॅनेल, ना गुलाल, ना जेवणावळी. मानधन शून्य. विजयी मिरवणूक म्हणजे मी हिला गाडीतून घरी आणलं.

पायऱ्या आमच्या भागात आपल्यासारख्याच तीन. पॅरिश म्हणजे ग्रामपंचायत, डिस्ट्रिक्ट म्हणजे पंचायत समिती आणि काउंटी म्हणजे जिल्हा परिषद. पॅरिशच्या हाती बाकडी, बसथांबा, कचरापेट्या, थोडे दिवे, खेळाचं मैदान आणि दफनभूमी. रस्त्यातले खड्डे काउंटीचे, बांधकामाची परवानगी डिस्ट्रिक्टची. पण शिव्या द्यायला काउंटी लांब पडते आणि पॅरिशचा मेंबर दुकानात दूध घेताना सापडतो. त्यामुळे खड्ड्यांबद्दल हिला रोज ऐकावं लागतं आणि ही काउंटीला पत्र लिहिते. काउंटीचं उत्तर येतं की आपलं पत्र मिळालं. खड्डा जागेवर असतो.

वर्ष सुरू होतं मे महिन्यात. पहिल्या सभेचा पहिला विषय अध्यक्षाची निवड, हे कायद्यानेच ठरलेलं. आपल्याकडे मेंबर सरपंच निवडायचे, तेव्हा त्यासाठी त्यांना सहलीला न्यायचे. इथे अध्यक्षपदाचं नाव निघालं की जो तो आपल्या बुटांकडे बघतो. शेवटी गेल्या वर्षीचेच गृहस्थ ‘दुसरं कोणीच नसेल तर’ म्हणून पुन्हा बसले.

खुर्चीत त्यांना नीट टेकूही दिलं नाही. निसर्गप्रेमी लोक इथे मे महिन्यात गवत कापू नका म्हणून मोहीम चालवतात, म्हणजे रानफुलं आणि मधमाश्या वाढतात. अर्धं गाव म्हणालं, मैदानाचं गवत राखा. अर्धं म्हणालं, गावाला कोणी वाली नाही असं दिसेल. मेंबरांची मतं समसमान पडली. अशा वेळी अध्यक्षाला आणखी एक मत असतं. बिचाऱ्यांनी आधी सदस्य म्हणून एकदा आणि मग अध्यक्ष म्हणून दुसऱ्यांदा हात वर केला, आणि अर्धं मैदान कापायचा ठराव पास झाला. न्हाव्याने अर्धी हजामत करून जेवायला जावं, तसं ते महिनाभर दिसत होतं. दोन्ही बाजू नाराज, म्हणजे निर्णय बरोबर असणार, असं क्लार्कबाई म्हणाल्या.

या क्लार्कबाई म्हणजे इथल्या ग्रामसेविका. अर्धवेळ नोकरी, पगारी माणूस काय तो एवढाच. अजेंडा सभेच्या आधी पूर्ण तीन दिवस लागला पाहिजे. त्यात नोटिशीचा दिवस धरायचा नाही, सभेचा धरायचा नाही, रविवारही धरायचा नाही. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर ठराव नाही, मग छप्पर का कोसळेना. पण बाईंची खरी करामत प्रोसिडिंगमध्ये. कुत्र्याच्या विष्ठेवरून दोन मेंबर अर्धा तास एकमेकांच्या घराण्यापर्यंत पोचले. पुढच्या सभेत इतिवृत्त आलं: ‘विषयावर चर्चा झाली.’ सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणखी एक पेटी बसवण्यास मंजुरी. आबा, हे वाक्य मी लहानपणी तुमच्या वहीत वाचलंय.

सगळीकडे इतकं निभावत नाही. चेशायरमधल्या हँडफर्थ पॅरिश कौन्सिलची डिसेंबर 2020 मधली झूमवरची सभा पुढे फेब्रुवारीत जगभर पाहिली गेली. सभा चालवायला आलेल्या जॅकी वीव्हर यांनी अध्यक्षांनाच सभेतून काढून वेटिंग रूममध्ये नेऊन बसवलं. ताईला विचारा, तो व्हिडिओ दाखवील. आपल्याकडे माईक ओढायचे, तिथे बटण दाबलं, एवढाच फरक.

उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्यांचा विषय निघाला. पॅरिशने गावकऱ्यांना भाजीपाल्यासाठी जमीन भाड्याने द्यायची, असा 1908 चा कायदा आहे. एका वाफ्याचं जुनं माप दहा रॉड, म्हणजे आपले अडीच गुंठे. आमचाही एक आहे. त्यात हिने मेथी लावलीय आणि शेजारचे आजोबा ते तण आहे समजून मदत म्हणून उपटायला बघतात. भाडं वाढवायचा विषय आला, तशी ही तावातावाने उठली. क्लार्कबाईंनी हळूच सांगितलं, तुमचा वाफा म्हणजे तुमचा आर्थिक हितसंबंध, 2011 च्या कायद्याप्रमाणे तुम्हाला यात बोलताही येणार नाही आणि मतही देता येणार नाही. आमच्या नियमाप्रमाणे बाहेरही जावं लागतं. मेथीच्या दोन जुड्यांपायी तुमची सून पावसात पार्किंगमध्ये उभी राहिली. आत भाडं एकमताने वाढलं. आपल्याकडे हा कायदा लावला, तर सभागृहात गणपूर्तीपुरते तरी उरतील का, तुम्हीच सांगा.

शरदात लाल टेलिफोन बूथ आला. वापर संपलेले बूथ टेलिफोन कंपनी 2008 पासून गावांना एका पौंडात देते. बूथ एका पौंडाचा आणि चर्चा लाखाची! एका गटाला त्यात पुस्तकं ठेवायची होती, दुसऱ्याला हृदय बंद पडल्यास झटका द्यायचं यंत्र. शेवटी गावचं सरासरी वय बघून यंत्र जिंकलं. मग रंग. हा सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचा 1935 चा नमुना. त्याला कुठलाही लाल चालत नाही, ‘करंट रेड’च लागतो, त्याला ठरलेला क्रमांक आहे, 539. एका मेंबराने गॅरेजमध्ये उरलेला लाल फुकट देऊ केला, तेव्हा सभेत अशी शांतता पसरली की त्याने स्वतःच तो प्रस्ताव मागे घेतला. घासणं आणि रंगवणं मेंबरांनीच केलं, रविवारी, स्वतःच्या ब्रशांनी. सूनबाईंकडे दारावरच्या छोट्या काचा होत्या. खिळ्याने खरवडून तिने प्रत्येक काचेच्या कडेचा रंग काढला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराला, युद्धस्मारकापाशी सगळं गाव दोन मिनिटं उभं राहतं. स्मारकाची देखभाल पॅरिशकडे असते. हार अध्यक्ष वाहतात. आपल्या अपशिंगे गावातही पहिल्या महायुद्धातल्या जवानांचं स्मारक आहे, हे मी चहाच्या वेळी सांगितलं, तेव्हा त्यांनी किती तरी प्रश्न विचारले. त्या दिवशी गवताचा विषय कोणी काढला नाही.

जानेवारीत पट्टी ठरली. पॅरिश आपली रक्कम डिस्ट्रिक्टला कळवते, डिस्ट्रिक्ट ती घरपट्टीत घालून वसूल करते आणि पॅरिशला देते. नमुना नंबर 8 लिहिणं नाही, थकबाकीदारांच्या दारी जाणं नाही. तुम्ही ऐकून हळहळणार, मला माहीत आहे. बिलं परवाच आली. त्यात पॅरिशची ओळ वेगळी असते आणि रक्कम सगळ्यांत लहान असते. गावाने नेमकी तीच वाचली. शिवाय उन्हाळ्यात तीस कामाचे दिवस वह्या, पावत्या कोणीही तपासाव्यात असा नियम आहे. एक निवृत्त हिशेबनीस दरवर्षी येतात, चहा पितात, एक आकडा शोधून काढतात आणि समाधानाने घरी जातात.

वर्षभर मागच्या खुर्चीवर बसून माझं मत एवढंच झालंय: या मंडळींच्या हाती सत्ता नाही, पैसा नाही, मान तर नाहीच. पण दिवा लागला, बूथ उभा राहिला, बाकडं दुरुस्त झालं. फुकट येऊन कंटाळवाण्या सभेत शेवटपर्यंत बसणारी माणसं जिथे आहेत, त्या गावाचं बरं चाललंय असं समजावं.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात इथली वार्षिक ग्रामसभा आहे. ती संध्याकाळी सहाच्या आत सुरू करायची नाही, हाही कायदाच. तुम्ही आणि आई त्या वेळी इकडे या, व्हिसाचे कागद मी पाठवतो. ऐकायला कोणीही येऊ शकतं, पण बोलायचा हक्क फक्त गावच्या मतदारांना. म्हणजे सबंध सभाभर तुम्हाला तोंड मिटून बसावं लागेल. ते जमणार असेल तर लगेच कळवा, त्याप्रमाणे तिकिटं काढतो.

आईला साष्टांग नमस्कार. ताईच्या पोरांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मुलगा